चोवीस जुलै आणि खारबेलीचा बांध

ऊर्वी म्हात्रेचा जन्म चोवीस जुलैचा, आणि तिच्या गावात चोवीस जुलै कोणालाच नको असायची.

खारबेली हे रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं लहानसं गाव. एका बाजूला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि दोन्हींच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधात मधोमध उघाडी (शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीचं पाणी अडवणारं दार) होती. उघाडीशेजारी एक काळा दगड उभा होता. त्यावर चार ओळी कोरलेल्या होत्या.

२४ जुलै १८८८, बांध फुटला.
२४ जुलै १९८३, बांध फुटला.
२४ जुलै २००२, बांध फुटला.
२४ जुलै २०४०, बांध फुटला.

त्यामुळे त्या दिवशी गावात कोणी लावणी करत नसे, होडी पाण्यात घालत नसे आणि ऊर्वीच्या वाढदिवसालाही येत नसे. ऊर्वीचे आजोबा, हिरामण म्हात्रे, बांध समितीचे प्रमुख होते. ते उजाडताच फावडं घेऊन बांधावर जात आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत येत. त्यांच्या वाटणीचा शिरा दरवर्षी गार होऊन जाई.

साल होतं २०५८. ऊर्वीला अकरा वर्षं पूर्ण होणार होती. जुलै उजाडला, आणि शाळेत दिनविशेष लिहायची पाळी तिच्यावर आली. रोज परिपाठाच्या आधी त्या तारखेला पूर्वी काय काय घडलं ते फळ्यावर लिहायचं, असं ते काम. मदतीला शाळेचा यंत्रमानव होता, टिपण. चाकांवर फिरणारा, कमरेएवढ्या उंचीचा, जुनी कागदपत्रं वाचण्यात तरबेज.

"चोवीस तारखेची जागा कोरी ठेव हं," गावंड बाई म्हणाल्या. "आपल्याकडे तशी पद्धत आहे."

ऊर्वीला ते लागलं. बाई गेल्यावर तिने टिपणला विचारलं, "एकच तारीख आणि चार वेळा तेच. हा योगायोग असेल? की माझी तारीखच वाईट आहे?"

"एवढ्यावरून सांगता येणार नाही," टिपण म्हणाला. "१८८८ पासून गेल्या वर्षापर्यंत चोवीस जुलै एकशे सत्तर वेळा आली. चार वेळा बांध फुटला. म्हणजे किती वेळा टिकला?"

"एकशे सहासष्ट वेळा."

"ते दगडावर कुठेच नाही. शिवाय बांध दुसऱ्या तारखांना फुटलाच नाही का? तेही दगड सांगत नाही. योगायोग आहे की त्यामागे कारण आहे, हे ठरवायचं तर सगळ्या नोंदी पाहिल्या पाहिजेत. आपल्याला आवडलेल्या तेवढ्याच नाहीत, आणि घाबरवणाऱ्या तेवढ्याच नाहीत."

सगळ्या नोंदी होत्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, माळ्यावर, एका पत्र्याच्या पेटीत. पेटी मागितल्यावर आबांनी आधी नकार दिला.

"कशाला उकरून काढतेस, पोरी? बारा वर्षांचा होतो मी. २००२ साल. खारं पाणी कमरेपर्यंत आलं. माणसं वाचली, गुरं वाचली, पण शेतात मीठ बसलं. तीन वर्षं भाताची काडी उगवली नाही. चाळीस साली परत तेच."

"आबा, मला फक्त वाचायचंय. काही फाडणार नाही."

आबा शिडी लावायला उठले.

पुढचे तीन दिवस ऊर्वी आणि टिपण ओटीवर वह्या पसरून बसले. वही ऊर्वी उघडायची आणि अक्षर टिपण वाचायचा. सगळ्यात जुन्या वहीतलं लिखाण मोडी लिपीत होतं. शेवटी यादी तयार झाली. गेल्या एकशे सत्तर वर्षांत बांध चार वेळा नाही, अकरा वेळा फुटला होता. कधी जूनमध्ये, कधी ऑगस्टमध्ये, एकदा तर सप्टेंबरात.

"मग दगडावर चारच का?" ऊर्वीने विचारलं.

आबा सुपारी कातरत होते. "दगड माझ्या बापाने बसवला, २००२ च्या पुरानंतर. तारखा जुळल्या तेव्हा लोक हादरले. तेवढ्याच कोरल्या. पुढची ओळ मी कोरली."

"जुळलेलं लक्षात राहतं, न जुळलेलं विसरलं जातं," टिपण म्हणाला.

ऊर्वी खूश झाली. "म्हणजे निव्वळ योगायोग!"

"थांब. अकरात चार वेळा एकच तारीख येणं हा फार मोठा योगायोग झाला. अजून काहीतरी राहिलंय."

ऊर्वीने यादी पुन्हा वाचली. मोडीतल्या नोंदीपाशी ती थबकली. तिथे २४ जुलै असं लिहिलेलंच नव्हतं. लिहिलं होतं, 'आषाढ वद्य प्रतिपदा'. तारीख नंतर कोणीतरी शेजारी घातली होती.

"टिपण, बाकीच्या सगळ्या तारखांच्या तिथी काढता येतील?"

टिपणचा हिरवा दिवा लुकलुकला. तो एकेक तिथी सांगत गेला आणि ऊर्वी लिहीत गेली. पौर्णिमा. अमावास्या. पौर्णिमा. प्रतिपदा. पुन्हा अमावास्या. अकरापैकी नऊ वेळा पौर्णिमा किंवा अमावास्या होती, नाहीतर त्यांच्या लगतचा दिवस. उरलेल्या दोन नोंदींपुढे लिहिलं होतं, 'खेकड्यांनी बिळे पाडली'.

आबांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"उधाण!" ते म्हणाले. "अगं, पुनवेला आणि अवसेला उधाण येतं (समुद्राची भरती नेहमीपेक्षा बरीच जास्त चढते) हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. भरतीची वेळही मी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करूनच काढतो. पण त्या दगडापुढे उभा राहिलो की मला ती तारीखच दिसायची. पंचांग घेऊन मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही."

"पण उधाण त्याच दिवशी का येतं?" ऊर्वीने विचारलं.

"चंद्र पृथ्वीवरच्या पाण्याला ओढतो," टिपणने समजावलं. "सूर्यही ओढतो, पण त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून कमी पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र लागते, म्हणून पाणी जास्त चढतं. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात. तेव्हा भरती लहान."

"तिला भांगाची भरती म्हणतात," आबा म्हणाले. "आणि उधाणात वर धो धो पाऊस लागला, तर शेतातलं पाणी बाहेर जायला जागा नाही आणि बाहेरचं आत घुसायला बघतं. मग बांध दोन्हीकडून भिजतो. एकवीस साली आषाढी पौर्णिमा चोवीस जुलैलाच होती. पाणी काठाला लागलं होतं. पण पाऊस उघडला, बांध वाचला."

ऊर्वी मात्र दुसऱ्याच विचारात होती. तिने वहीत वजाबाकी केली होती. १८८८ ते १९८३, पंचाण्णव वर्षं. १९८३ ते २००२, एकोणीस. २००२ ते २०४०, अडतीस. एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस पाचे पंचाण्णव.

"टिपण, हे एकोणीस कुठून आलं?"

"बांधावर चल. आबा, तुम्हीही या."

बांधावर पोचल्यावर टिपणने दोघांना दगडापाशी शेजारी उभं केलं आणि एकाच वेळी चालायला सांगितलं. आबांची ढांग लांब, ऊर्वीचं पाऊल आखूड. पहिल्याच पावलाला ती मागे पडली. पण आबांची दोन पावलं झाली तेव्हा ऊर्वीची तीन झाली होती, आणि दोघांचे पाय पुन्हा एका रेषेत आले. पुढच्या दोन-तीन पावलांनंतर परत तसंच.

"आबांचं पाऊल म्हणजे सूर्याचं वर्ष, आपल्या तारखा त्याच्यावर चालतात," टिपण म्हणाला. "तुझं पाऊल म्हणजे चांद्रमास (एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतचा काळ, साधारण साडेएकोणतीस दिवस). असे बारा महिने मिळून तीनशे चोपन्न दिवस होतात. वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. म्हणून एका वर्षी चोवीस जुलैला पौर्णिमा असली, तर पुढच्या वर्षी त्या तारखेला भलतीच तिथी येते. पण एकोणीस वर्षं म्हणजे सुमारे सहा हजार नऊशे चाळीस दिवस, आणि दोनशे पस्तीस चांद्रमासही सुमारे तेवढेच."

"म्हणजे एकोणीस वर्षांनी दोघांचे पाय एका रेषेत येतात!" ऊर्वी ओरडली. "तारीख तीच, तिथीही जवळपास तीच!"

"बरोबर."

"मग माझी तारीख वाईट नाहीये. तिला एकोणीस वर्षांतून एकदा पौर्णिमा गाठते, एवढंच."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"यंदा काय तिथी आहे चोवीसला?" त्यांनी मग विचारलं.

"चतुर्थी. अमावास्या वीस तारखेला. उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं, म्हणून पाणी सगळ्यात वर चढेल एकवीस-बावीसला, चोवीसला नाही," टिपण म्हणाला.

"मग आपण मोजून बघू," आबा म्हणाले.

बावीस तारखेला दुपारी भरती पुरी चढली. आबांनी बांधाची भेग न भेग तपासली होती. ऊर्वीने पाणी जिथवर आलं तिथे उघाडीच्या खांबावर लाल रंगाची रेघ ओढली. बांधाच्या माथ्यापासून पाणी जेमतेम एक वीत खाली होतं.

चोवीस तारखेला सकाळी शाळेचा फळा कोरा नव्हता. ऊर्वीने लिहिलं होतं, '२४ जुलै. या तारखेला खारबेलीचा बांध चार वेळा फुटला आणि एकशे सहासष्ट वेळा टिकला.' गावंड बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या म्हणाल्या, "दुपारी भरती किती वाजता?"

"चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीन वाजता," ऊर्वी म्हणाली. आबांचा हिशोब तिला आता तोंडपाठ झाला होता.

तीन वाजता अख्खा वर्ग बांधावर होता. मागे हळूहळू गावातली माणसंही येऊन उभी राहिली. पाणी चढत चढत आलं, लाल रेघेच्या दोन वीत खाली थांबलं, थोडा वेळ तिथेच डुचमळलं आणि उतरायला लागलं.

"उतरलं," आबा म्हणाले. "चला रे सगळे आमच्याकडे. शिरा गरम आहे."

ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. आईला दोनदा रवा भाजावा लागला. आबा ऊर्वीच्या शेजारी बसून जेवले, आणि मग पोरांनी त्यांना बांधाच्या गोष्टी सांगायला लावलं.

पाहुणे पांगल्यावर टिपण म्हणाला, "ऊर्वी, पुढच्या वर्षी २०५९. चाळीसात एकोणीस मिळवले की तेवढेच होतात. पुढच्या वाढदिवसाला पौर्णिमा आहे."

आई घाबरून आबांकडे बघायला लागली. पण आबा हसत होते.

"या वेळी आपल्याला वर्षभर आधी कळलंय. खेकड्यांची बिळं मे महिन्यातच बुजवू. उघाडीला नवं दार बसवू. माथा हातभर उंच करू. १८८८ सालच्या माणसांना हे कुठे ठाऊक होतं?"

"आणि वाढदिवस?" ऊर्वीने विचारलं.

"बांधावर करू. सगळा गाव तिथेच असेल की. पाणी कुठवर येतं त्याची रेघ तूच ओढायची."

दुसऱ्या दिवशी पंचवीस तारखेचा दिनविशेष लिहायला ऊर्वी लवकर शाळेत गेली. कालचा मजकूर पुसण्याआधी तिने खडू घेतला, एकशे सहासष्टमधला शेवटचा शब्द बदलून एकशे सदुसष्ट केलं, आणि मगच फळा पुसायला घेतला.