कडीवरची पिवळी रेघ

हसा, खुशाल हसा. पण दिवा घालवायच्या आधी एवढं ऐका, पोरांनो.

माझा धंदा लाकडाचा. ट्रकची चेसिस आणि वरची बॉडी यांच्या मध्ये लाकडी पट्टी घालतात, मग दोन्ही यू-बोल्टनं आवळतात. त्या पट्ट्या मी पुरवायचो. माझ्या मावसभावाचा बॉडी बांधायचा कारखाना. गेल्या बावीस नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, नवी ऑर्डर विचारायला गेलो.

"पट्ट्या नकोत दादा. बॉडी सरळ वेल्ड केली. पहाटे माल भरायला जाणार गाडी."

माझं टाळकंच सरकलं. "अरे गाढवा, चेसिस रस्त्यावर पिळवटते! वेल्ड केलेल्या जागी तडा गेला तर? भरली गाडी, पुढं उतार... ड्रायव्हरला तीन लेकरं आहेत!"

"झालं! तुम्हीही त्या म्हाताऱ्याची कॅसेट लावलीत."

म्हातारा म्हणजे त्याचा मिस्त्री. हाताची शिस्त अशी, की बोल्ट आवळला की तीन ठोके मारायचा, मग नट-बोल्टवरून पिवळ्या रंगाची एक रेघ. नट हलला की रेघ तुटणार, ढिलाई लगेच कळणार. "चेसिस म्हणजे हाड. हाडाला वेल्डिंगचा डाग देणार नाही," म्हणाला, म्हणून भावानं त्याला चारचौघांत हाकलला. महिनाभरात मिस्त्री वारला. शेवटपर्यंत धुमसत होता म्हणे.

त्या रात्री भाऊ कारखान्यातच झोपला. पुढचं त्यानंच मला सांगितलं.

पावणेदोन वाजता आवाज आला. ठण्. ठण्. ठण्.

बॅटरी घेऊन तो बाहेर आला. गाडीखाली कुणी नव्हतं. लगेच पलीकडून... ठण्. ठण्. ठण्. पत्रा करकरला.

"कोण आहे रे?"

ठण्. ठण्. ठण्.

"तुला काढलाय ना मी? चालता हो!"

ठोके थांबले.

मग पावलं. सावकाश. त्याच्याच दिशेनं.

तो ऑफिसात पळाला. आतून कडी घातली. पाठ भिंतीला लावली. बाहेर कुणीतरी श्वास घेत होतं... मोठ्यानं. रागावलेल्या माणसासारखा.

ठण्.

ठण्.

तिसरा ठोका दाराच्या आतल्या बाजूनं पडला.

सकाळी ड्रायव्हरनं मला बोलावून घेतलं. बॉडीचे बारा वेल्ड होते. बाराही फुटलेले. पोटचा गोळा वाचावा तसा ड्रायव्हर गाडीला हात लावून रडत होता. मला मात्र भावाला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. दार बंद, म्हणून खिडकीतून ओरडलो, "उघड!"

तो कोपऱ्यात आखडून बसला होता. नुसतं बोट दाखवलं. कडी तशीच घातलेली. आणि कडीपासून चौकटीपर्यंत एक पिवळी रेघ. अखंड.

मिस्त्रीचा पिवळ्या रंगाचा डबा मी स्वतः उघडून पाहिला. रंग वाळून दगड झालेला.

कडीवरचा मात्र ओघळत होता.