दोन म्हणजे थांब

जॅक आणायला गेला होता तो. एवढंच काम. पाऊण तासात परत यायचं, हातपाय धुवायचे आणि झोपायचं.

तो मोबाइल बंद कर आधी. तोंडावर उजेड पडला की भूत दिसत नाही, तुझंच थोबाड दिसतं, आणि त्याची भीती आम्हाला रोजचीच आहे.

हां. तर ज्याची गोष्ट सांगतोय त्याला आम्ही मिस्त्री म्हणायचो. मोठ्या रस्त्याला त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, आणि समोर माझा ट्रक तोलायचा वजनकाटा. सोळा वर्षं आम्ही समोरासमोर. त्याचा चहा आणि माझं वर्तमानपत्र, असा आमचा व्यवहार. माणूस सरळ, कामाला वाघ, बोलायला मात्र महाकंजूष. त्याची कसर वहिनी भरून काढायच्या. एक मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. आणि वहिनींचा धाकटा भाऊ, तोही गॅरेजातच. मुलीचा मामा म्हणून साऱ्या रस्त्याचा मामा. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मीसुद्धा त्याला मामाच म्हणायचो.

गॅरेजात जमिनीत एक खड्डा होता. ट्रक वर उभा करायचा आणि माणसाने खाली उतरून काम करायचं. सहा पायऱ्या, पुरुषभर खोल. त्यावर सरकणारं झाकण, जाड लोखंडी पत्र्याचं. एकशे बारा किलो. अंदाजे सांगत नाही, मी स्वतः काट्यावर तोललंय ते.

इंजिन चालू असलं की खालच्याला वरचं ऐकू येत नाही. म्हणून मिस्त्री आणि मामा, दोघांनी ठोक्यांची भाषा ठरवली होती. पाना घ्यायचा आणि लोखंडावर हाणायचा. दोन ठोके म्हणजे थांब, आहेस तिथंच राहा. तीन म्हणजे उघड. खालून असो की वरून, नियम एकच. सोळा वर्षांत कुणाचं बोट चेमटलं नाही, ते या नियमामुळे. मामा तर घरीही तेच करायचा. वहिनींनी आंघोळीला वेळ लावला की दारावर तीन ठोके, आणि आतून शिव्या.

आता ते वादळ. वावटळ आपण नेहमी बघतो. पाचोळा गोल फिरवते, दमते, संपते. ही तशी नव्हती. दुपारी सव्वाचार वाजता आभाळातून काळी सोंड खाली उतरली आणि रस्ता धरून चालत आली. बातम्यांत नंतर टॉर्नेडो म्हणाले. आम्ही सोंडच म्हणतो. आवाज कसा? रिकाम्या ट्रकची ताडपत्री वाऱ्यावर फडफडते ना, तशा हजार ताडपत्र्या एकदम. मी काट्याखालच्या पोकळीत पालथा पडलो आणि ज्या देवांशी कधी बोलणं नव्हतं त्यांच्याशीही ओळख काढली.

शाळेची गाडी पोरीला नेमकी तेव्हाच रस्त्यापलीकडे सोडून गेली होती. मामा धावला. तिला बगलेत मारून आणलं आणि खड्ड्यात मिस्त्रीच्या हाती दिलं. वहिनी आधीच खाली होत्या. मामा मात्र पाना घेऊन परत फिरला. वेल्डिंगच्या गॅसची टाकी उघडी राहिली होती.

मिस्त्री ओरडला, "मरू दे ती टाकी!"

"ती फुटली तर तुम्ही सगळे मराल. आलोच."

तेवढ्यात छप्पर उचललं गेलं. मिस्त्रीने झाकण ओढलं आणि आतल्या बाजूच्या हँडलला लटकून राहिला.

चार मिनिटं. मग सगळं शांत. झाकण सरकवून बाहेर आले, तर गॅरेज नव्हतंच. भिंती नाहीत, छप्पर नाही, टाकी नाही. मामाही नाही.

तो दुसऱ्या दिवशी सापडला. दीड किलोमीटरवर, नांगरलेल्या शेतात. मुठीत पाना तसाच होता. मूठ सोडवायला दोन माणसं लागली.

तो पाना बघून वहिनी मिस्त्रीला म्हणाल्या, "त्याने ठोकलं होतं का हो? मी पोरीचे कान दाबून बसले होते. मला काही कळलं नाही. तुमचा हात होता झाकणाला."

मिस्त्रीने मान हलवली. "हो. दोन."

दोन. म्हणजे थांब. आहात तिथंच राहा.

त्या एका शब्दावर ते घर पुन्हा उभं राहिलं बघा. माझा भाऊ शेवटच्या क्षणी आमचाच विचार करत होता, हे वहिनी येईल त्याला सांगायच्या. रडायच्याही आणि ताठही बसायच्या. पोरीने शाळेत निबंध लिहिला, माझा मामा. बक्षीस मिळालं. निबंध वाचून दाखवला तेव्हा मिस्त्री उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बसला.

काय म्हणालास? पत्र्यावर खुणा नव्हत्या का? हुशार आहेस. अरे, विटा पडल्या, गारा पडल्या, अख्खा दरवाजा येऊन आपटला. त्या पत्र्यावर शंभर खुणा होत्या. त्यातल्या दोन कुठल्या आणि तीन कुठल्या, हे सांगणारा एकच माणूस होता.

नवं गॅरेज पुढे पेट्रोल पंपापाशी उभं राहिलं. दिवस जात होते, पण कसे! चौघांऐवजी तिघं, आणि तिघंही एकाच खोलीत झोपायचे. पोरगी पायात बूट घालून झोपायची. दार वाऱ्याने आपटलं की वहिनी तव्यावरची भाकरी तशीच टाकून तिला धरायच्या. मिस्त्री जुन्या जागेकडे फिरकत नव्हता. रस्त्याने जाताना मान दुसरीकडे. माझ्याकडे चहाला यायचा तोही त्या जागेला पाठ करून बसायचा.

अशी दोन वर्षं गेली.

मग तो मंगळवार. तेरा तारीख. रात्री पावणेअकराला एका ड्रायव्हरचा फोन आला. पुलाजवळ भरलेला ट्रक पंक्चर होऊन कलला होता. नव्या गॅरेजातला जॅक तेल गळून मेलेला. दुसरा मोठा जॅक होता, पण तो जुन्या खड्ड्यात. भिंतीच्या कोनाड्यात पडून होता.

मिस्त्री अंथरुणावर बसून राहिला.

"जा की," वहिनी म्हणाल्या. "घाबरता कसले? माझा भाऊ राखतोय ती जागा."

गेला बिचारा. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. स्कूटर रस्त्याला लावली. पहारीने रेटून झाकण अर्धं सरकवलं. गंजलेली चाकं अशी किंचाळली की मला काट्यावर झोपेत ऐकू आली. मी कूस बदलली आणि पुन्हा झोपलो. तेवढी एक चूक माझीही.

त्याने मोबाइलची बॅटरी लावली आणि मोबाइल खड्ड्याच्या काठावर ठेवला. दोन्ही हात मोकळे हवेत ना. सहा पायऱ्या उतरला. कोनाड्यात हात घातला. जॅक होता. त्याचा दांडाही होता.

तेव्हा उजेड कमी व्हायला लागला.

आधी वाटलं, मोबाइल संपतोय. वर बघितलं. फट लहान होत होती. झाकण सरकत होतं. सावकाश. मघाशी किंचाळणारी चाकं... आता आवाजच नाही.

तो पायऱ्यांकडे धावेपर्यंत फट बोटभर उरली. मग रेघ. मग काहीच नाही.

काळोख.

"कोण आहे?"

काही नाही.

त्याने पाठ लावून रेटलं. हँडल ओढलं. एकशे बारा किलो, पण चाकांवरचं. हलायला हवं होतं. हललं नाही. कुणीतरी वर पाय रोवून उभं असावं, तसं.

मग पाऊस आला. पत्र्यावर आधी चार थेंब, मग बदाबदा. आणि पावसात त्याचा फोन वाजला. वर, काठावर. वहिनी. वाजला. थांबला. पुन्हा वाजला. हातभर अंतरावर बायको हाक मारत होती आणि याला ओ देता येईना.

तिसऱ्यांदा वाजता वाजता फोन मधेच बंद पडला.

मिस्त्रीने जॅकचा दांडा उचलला आणि पत्र्यावर खालून हाणला. एक. दोन. तीन. सोळा वर्षांची सवय. तीन म्हणजे उघड. रस्त्यावरून कुणी जात असेल, ऐकेल...

वरून उत्तर आलं.

एक.

दोन.

तो थांबला. तिसऱ्याची वाट बघितली. तिसरा आला नाही.

दोन म्हणजे थांब.

पोरांनो, ही भाषा लोखंडावर बोलणारी जगात दोनच माणसं होती. एक खड्ड्यात उभा होता.

पाय गार पडले तेव्हा त्याला कळलं, पाणी येतंय. उतारावरचं पाणी कडेच्या फटीतून आत उतरत होतं. घोटे बुडाले. त्याने पुन्हा हाणले. तीन.

वरून दोन.

पाणी गुडघ्यापर्यंत.

तीन.

दोन.

घाई नाही. राग नाही. शांतपणे... दोन.

तो वरच्या पायरीवर चढला, डोकं पत्र्याला टेकवून वाकून बसला. पाणी तिथंही आलं. मांड्या, मग कंबर. दांडा हातातून निसटून पाण्यात गेला. त्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं. तेच हँडल. तशीच मूठ. आणि तळहातात ठोके आले. त्या दुपारी आले होते, तसेच. लोखंडातून हाडात.

एक.

दोन.

आणि मिस्त्री फुटला.

"मामा..." तो म्हणाला. "तीन होते."

वर पाऊस.

"तीन होते, मामा! मला कळले होते... तू उघड म्हणालास. मी मोजले. तिन्ही मोजले. पोरगी हाताखाली होती... माझा हात उघडला नाही रे..."

ठोके नाहीत.

"मी तुझ्या बहिणीला दोन सांगितले. दोन वर्षं ती..."

काही नाही. फक्त पाऊस. आणि कुणीतरी ऐकत असल्याची... नाही, मिस्त्रीला ते शब्दांत कधीच सांगता आलं नाही. मीही सांगत नाही.

तू मला विचारू नकोस, उघडलं असतं तर काय झालं असतं. पोरगी गेली असती का? गेली असती बहुतेक. मामा वाचला असता का? वाचला असता कदाचित. मी रात्र रात्र तोलून बघितलंय. माझ्या काट्यावर ते बसत नाही.

पहाटे पावणेपाचला वहिनींनी माझं दार वाजवलं. छत्री, हातात टॉर्च. पोरीला शेजारी ठेवून पायी आल्या होत्या. ड्रायव्हर रात्रभर वाट बघून कंटाळला होता, आणि नवऱ्याचा फोन बंद. मी पहार घेतली. रस्ता ओलांडतानाच आवाज आला. जमिनीतून. घसा बसलेला, रडका.

"तीन होते... तीन होते..."

वहिनी चालता चालता थांबल्या. एकदाच. मग पुढे निघाल्या.

मी पहार लावली, पण जोर लावावाच लागला नाही. झाकण बोटाने सरकलं. मिस्त्री छातीभर पाण्यात होता. मी त्याला काखेत धरून बाहेर काढला आणि चिखलात बसवला. त्याचे दात वाजत होते. पाऊस तिघांवरही पडत होता, कारण वहिनींनी छत्री मिटली होती.

त्यांनी विचारलं, "किती?"

मिस्त्रीने वर बघितलं. माझ्यादेखत तो अजूनही दोन म्हणू शकला असता. घर वाचलं असतं.

"तीन," तो म्हणाला.

अठरा वर्षांत वहिनींना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी टॉर्च नवऱ्याच्या तोंडावरून काढली आणि झाकणावर टाकली.

पत्रा ओला होता. पाच तासांच्या पावसाने धुऊन निघालेला, वरून पाणी वाहत होतं. आणि बरोबर मधोमध, शेजारी शेजारी, दोन पावलांएवढी जागा कोरडी होती. ठणठणीत कोरडी. वर दोन वर्षांची धूळ तशीच. माझ्या डोळ्यांदेखत त्यावर पाऊस पडत होता आणि पोचत नव्हता.

मी मागे सरलो. मिस्त्रीने तोंड झाकून घेतलं.

वहिनी पुढे गेल्या. त्यांनी छत्री उघडली, आणि त्या दोन पावलांवर धरून उभ्या राहिल्या. उजाडेपर्यंत.