डाव्या गुडघ्याची जुळणी

आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या रोबोटचा लोकांना फार धसका असतो. नातेवाईक विचारतात, यंत्र बिघडलं आणि भलतीकडेच कापत सुटलं तर? मी सांगते, ते स्वतःहून काही करत नाही. आधी सीटी स्कॅनवरून पेशंटच्या हाडाचं चित्र संगणकात तयार होतं, त्यावर कुठे किती कापायचं ते आखलं जातं. ऑपरेशनच्या वेळी सर्जन उघड्या हाडावर चाळीस ठिकाणी सळई टेकवतात. हाड चित्राशी जुळलं की स्क्रीनवर ठिपके हिरवे होतात. नाही जुळलं तर लाल, आणि मग करवत जागची हलत नाही. सहा वर्षं त्या स्क्रीनसमोर बसून हे भाषण मला तोंडपाठ झालंय.

बाबा सहा फुटी माणूस, पण डाव्या गुडघ्याने त्यांना पार जेरीला आणलं होतं. तरी ते ऑपरेशनला तयार नव्हते. चौदा महिन्यांपूर्वी आईचा डावा गुडघा याच टेबलावर बदलला होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, पोटरी दुखतेय. मी म्हणाले, दुखणारच, एवढी काय कुरकुर करतेस. संध्याकाळी रक्ताची गाठ फुप्फुसात गेली आणि आई गेली. त्यानंतर मला बाबांशिवाय कोणी उरलं नव्हतं. तरीही मीच त्यांच्यामागे ऑपरेशनचा लकडा लावला. घरच्यांनी थिएटरमध्ये थांबायचं नाही असा नियम आहे, पण यंत्र चालवणारी मी एकटीच.

सकाळी साडेनऊला गुडघा उघडला. बाबांना फक्त कमरेखाली बधिर केलं होतं. मधल्या कापडापलीकडे भूलतज्ज्ञाशी त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. सर्जननी सळई टेकवली. लाल. दुसरीकडे टेकवली. लाल. चाळीसच्या चाळीस ठिपके लाल आले. हाड कुठे आहे ते यंत्राला कळावं म्हणून त्यात बसवलेली पिन सैल असली की असं होतं. पिन तपासली, ती घट्ट होती. पुन्हा सुरुवात केली आणि स्क्रीनवरचं चित्र बदललं. मी कशालाही हात लावला नव्हता.

हे हाड लहान होतं. आतल्या बाजूला झिजून खळगा पडला होता. तो मी लगेच ओळखला, कारण या हाडाची आखणी मीच केली होती. वरच्या कोपऱ्यात आईचा पेशंट नंबर होता. गेलेल्या माणसाची फाइल काढून टाकायची असते. माझ्याने ती काढवली नव्हती.

ठिपके एकेक करून हिरवे होत गेले.

सर्जनचे हात थांबले. "एवढ्या उंच माणसाचं हाड इतकं लहान?"

मी वाकून पाहिलं. जखमेतही तोच खळगा होता.

"फाइल बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. साध्या अवजारांनी ऑपरेशन पुरं करता आलं असतं, पूर्वी तसंच करायचे. पण त्या हिरव्या ठिपक्यांत मला आई दिसत होती, आणि मला ती हवी होती.

"हो," मी म्हणाले.

करवत सुरू झाली. कापडापलीकडे बाबा बोलता बोलता गप्प झाले.

ऑपरेशन उत्तम झालं, सगळे म्हणाले. पोटऱ्यांची सोनोग्राफी मी दोनदा करून घेतली, त्यात काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबा वॉकर धरून चालले. पावलं अगदी छोटी पडत होती. दुपारी जेवणाचं ताट आलं, ते त्यांनी बाजूला सरकवलं.

"तुझे बाबा जेवले का?"

आवाज बाबांचाच होता.

"बाबा, तुम्हीच तर..."

"एकट्याला ठेवून आलीस ना त्यांना?" माझा हात थोपटत ते म्हणाले. "जा घरी. मी आहे इथे."

चौदा महिने मला हेच हवं होतं. आता ते मिळालं होतं, आणि मला फक्त बाबा हवे होते.

मी घरी धावले. दुपारचे दोन वाजले होते. तीन दिवस घर बंद होतं. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये.

कुलूप मी लावलं तसंच होतं.

ते काढलं. दार ढकललं.

आतून कडी लावलेली होती.