कच्चा जोड

डिसेंबरातल्या एका पहाटे शहजादी चाचींचा फोन आला.

"आफताब, जीप चालू होत नाहीये रे. साडेसहाला खुशनुमाचं डायलिसिस आहे. येतोस?"

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि विश्रांतवाडीला गेलो. जीप चाचींच्या नवऱ्याची, तालिब उस्तादांची. वायरिंगचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. उस्ताद जानेवारीत गेले. तेव्हापासून चाचीच जीप चालवतात. आठवड्यातून तीनदा लेकीला मागच्या बाकावर आडवं करून नेतात, कारण रिक्षात तिला बसवत नाही. सोमवारचं डायलिसिस जीपमुळेच चुकलं होतं. खुशनुमाचे पाय सुजले होते, आणि बोलताना तिला धाप लागत होती.

"तुझ्या उस्तादांची गाडी," चाची म्हणाल्या, "त्यांच्यासारखीच. थंडीत उठायचं नाव नको."

जुन्या डिझेल इंजिनचे हीटर प्लग थंडीत आधी तापवावे लागतात. बटण दाबून धरायचं, पिवळा दिवा लागतो, दहा मोजायचे, मग किल्ली फिरवायची. उस्ताद गालात तंबाखू धरून नऊपर्यंत मोजत. दहा मी म्हणायचं, तेही मोठ्याने. "सातवीत शाळा सुटली तुझी, पण तोंड पहिलीतच बंद पडलंय," असं म्हणत ते.

बॉनेट उघडलं. थंड डिझेलचा वास आला. गल्लीत धुकं होतं, आवाज कुठलाच नव्हता. प्लगांना करंट देणारी पट्टी काढून चारही प्लग टेस्ट लॅम्पवर तपासले. चारही चांगले होते. पट्टी परत बसवून लॅम्प तिला लावला आणि चाचींना बटण दाबायला सांगितलं. लॅम्प लागला नाही. पट्टीपर्यंत करंटच येत नव्हता.

म्हणजे वायर. ती कुठे सुटली असेल, हे मला बघायच्या आधीच ठाऊक होतं.

गेल्या जानेवारीत तो जोड मी केला होता. घरी जायची घाई होती. तारांना पीळ दिला, टेप गुंडाळली, सोल्डर करून जोड पक्का केलाच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उस्तादांच्या छातीत दुखायला लागलं. जीप चालू झाली नाही. रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला. थंडीमुळे गाडी अडली, असं सगळे म्हणाले. मी गप्प राहिलो. पुढे ऊन वाढलं, हीटरची गरज उरली नाही, आणि जोड तसाच राहिला.

मी टेप सोडवली. तारेची दोन हिरवी पडलेली टोकं दोन बाजूंना लोंबली. मी ती दोन हातांत धरली. मध्ये वीतभर अंतर होतं.

आणि टेस्ट लॅम्प लागला.

"दिवा आला रे!" चाची आतून म्हणाल्या.

"चाची, बटण सोडा."

"मी कधीच सोडलंय..."

माझ्या कानाशी तंबाखूचा वास आला. मग अगदी हळू आवाजात, न घाई करता, कुणीतरी मोजू लागलं. एक... दोन... तीन... माझे हात हलेनात. सात... आठ... नऊ.

पुढे काही नाही. लॅम्प जळत होता. मागच्या बाकावर खुशनुमाचा श्वास घरघरत होता.

"दहा," मी ओरडलो. गल्लीभर ऐकू गेलं असेल. "चाची, किल्ली फिरवा!"

जीप पहिल्या झटक्यात चालू झाली. मी टोकं तात्पुरती पिळून टेप लावली आणि त्या गेल्या. डायलिसिस चुकलं नाही.

संध्याकाळी सोल्डरिंगचं सामान घेऊन परत गेलो. काम सुरू करण्याआधी चाचींना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रिक्षाची वाट बघताना त्यांनीच सांगितलं. पोराचा जोड कच्चा राहिलाय, म्हणाले. तू बोलू नकोस, तो स्वतः उघडेल."

मला त्यांच्याकडे बघता आलं नाही. जोड पक्का केला आणि निघालो. त्यानंतर बटण दाबल्याशिवाय त्या जीपचा दिवा कधी लागला नाही.

हे संपलं, असं मला वाटलं होतं. काल भर दुपारी, कसबा पेठेतल्या दुकानात, मी एका टेम्पोची वायर जोडत होतो. गिऱ्हाईक चहाला गेलं होतं, त्याला घाई होती. सोल्डरिंग आयर्न तापायला वेळ लागत होता. जोड आतल्या बाजूला होता, कुणाला दिसणार नव्हता. मी तारांना पीळ दिला आणि टेपकडे हात नेला.

तंबाखूचा वास आला.

"एक..."