तेजसकाकांचा ताळा

सन दोन हजार एकाहत्तरात कोर्टात दाखल होणाऱ्या दस्तऐवजांत शब्दच नसत. थाप वाटली तर वाटू द्या; पण वाघोशीच्या दाखल-केंद्रात चाळीस वर्षं कारकुनी केलेल्या तेजसकाका फडतऱ्यांना विचारा. स्वतःच्या चष्म्यावरही ज्यांचा भरवसा नाही, त्यांचा असल्या दस्तऐवजावर कुठून बसणार?

दस्तऐवजात साठवलेला असे फक्त आशय. पडदा वाचणाऱ्याची बुबुळं न्याहाळी. नजर कुठे अडखळली, कुठे रेंगाळली ते पाहून त्या माणसापुरती वाक्यं तिथल्या तिथे रची. याला म्हणत 'नेत्रपाठ'. अशिलाला वकिली भाषेत कुणी गुंडाळू नये म्हणून कायदाही मोठा दयाळू झाला होता: सही करताना सही करणाऱ्याला जे दिसेल, तेच कोर्टाने खरं धरायचं.

त्या दिवशी समोर ऋतुजाबाई लोणारी होत्या. नवरा गेल्यावर घरावरून दिराशी भांडण जुंपलं, शेवटी तडजोड ठरली. ती पाचच्या आत दाखल झाली नाही, तर घर सरळ दिराचं. साडेचार वाजले होते.

"वाचलं मी. करू सही?"

"थांबा ताई. ताळा घेऊ."

ही काकांची जुनी खोड. कागदाच्या काळात एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर बोट फिरवत जुळवायचं. आता त्यावर सगळं केंद्र हसे.

बाई वाचू लागल्या, "ऋतुजा हयातभर या घरात राहील..."

काकांचं बोट थबकलं. त्यांच्या पडद्यावर होतं, 'दिराची मर्जी असेपर्यंत राहील.'

"बघा! इथंच मारलाय डल्ला!" काका ओरडले आणि त्यांनी नेत्रपाठाच्या तज्ज्ञ डॉ. इरा साबण्यांना आतल्या खोलीतून अक्षरशः ओढून आणलं.

इराने दोन्ही पडदे पाहिले. "बिघाड नाही, काका. ताई, तडजोडीत दीर नेमके काय म्हणाले होते?"

"'राहू दे की वहिनीला, कोण काढतंय तिला?' एवढंच."

"त्यात दोन्ही मावतं. विश्वासाने वाचलं की हयातभर, संशयाने वाचलं की मर्जी. काकांची नजर चोर शोधत फिरते, मग पडदा त्यांना चोर काढून देतो."

"आणि कोर्ट धरणार ते ताईंना दिसेल ते," काकांनी सुस्कारा टाकला. "म्हणजे हयातभर. करा सही ताई, चटकन!"

बाई पडद्याकडे वळल्या. तीच ओळ पुन्हा वाचली.

"काका... आता मलाही मर्जीच दिसतेय."

"मग 'हयातभर' असं स्पष्ट घालून घ्या!"

"दुरुस्तीला दिरांची संमती लागते," इरा म्हणाली.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. तिकडे पडद्यावर बाईंच्या डोळ्यांदेखत ओळ आणखी लांबली: 'दिराने सांगताच त्याच दिवशी घर रिकामं करील.'

"शंका आणू नका मनात," इरा कळवळून म्हणाली.

"मी कुठं आणली, बाई? यांनी आणून दिली."

पाचाला दोन मिनिटं. चाळीस वर्षांत काकांनी कुणाचीच हमी घेतली नव्हती, ते आता हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचा दीर देवमाणूस आहे हो!"

"सकाळपर्यंत मलाही तसंच वाटत होतं."

बाईंनी डोळे घट्ट मिटले आणि सहीसाठी बोट पुढे केलं.

पडदा अदबीने म्हणाला, "सही करताना कृपया डोळे उघडे ठेवा."