आडवं बोलू नये

तांबडं फुटलं आणि मोरदुर्गाच्या उत्तर अंगाला, जिथे आठ दिवसांपूर्वी एक बुलंद बुरूज छाती काढून उभा होता, तिथे नुसतं भगदाड दिसू लागलं. गनिमाच्या सुरुंगानं बुरूज उडाला होता आणि त्यावरचे एकतीस गडी दगडांखाली गाडले गेले होते. त्यांतलाच एक सिदू, तुळाजी बेलदाराचा पाठचा भाऊ. भगदाडात दगड रचताना तुळाजीचे हात चालत होते, पण मस्तक पेटलेलं होतं.

राग गनिमावर नव्हता. वेढा घालून बसलेला गनीम सुरुंग लावणार नाही तर काय आरती ओवाळणार? राग होता गडाच्या रिवाजावर. पूर्वी एकदा फितुरीनं हात पोळलेले हवालदार रायाजीराव यांची सक्त ताकीद होती, की बेलदारानं बेलदाराशीच कामाचं बोलावं, गोलंदाजानं गोलंदाजाशी, कोळ्यानं कोळ्याशी. दुसऱ्याच्या कामाची चौकशी म्हणजे ‘आडवं बोलणं’, आणि आडवं बोलेल त्याचा कडेलोट. अठरापगड जातींचे कसबी एका गडावर नांदत होते, आणि त्यांच्या मधली भिंत तटाहून जाड!

चिता पेटल्या तेव्हा टाक्यांचा राखणदार धाकू कोळी रडता रडता बोलून गेला, की आधी तीन दिवस टाक्यातलं पाणी वाऱ्यावाचून थरथरत होतं. त्याला वाटलं, वर तोफा हलवताहेत. दाऊद गोलंदाजाला दिसलं होतं, की शत्रूनं त्या बुरुजावरचा मारा थांबवला आहे. त्याला वाटलं, थोरामोठ्यांची तहाची बोलणी चालली असतील. दोघांनीही रिवाज पाळला. जळो मेला तो रिवाज! तुळाजीनं मात्र त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आज दगड आणायला गेला असता पूर्वेच्या बुरुजाच्या पायाला त्यानं सहज कान लावला, आणि पाषाणातून छिन्नीची टकटक आली. वर चाळीस माणसं पहाऱ्याला होती. पहार टाकून तो तडक सदरेवर गेला. शिबंदी हजेरीला उभी होती. हवालदारांना मुजरा करून त्यानं सगळ्यांदेखत दाऊदला विचारलं, पूर्वेच्या बुरुजावर तोफेचा गोळा शेवटचा कधी पडला? परवा, दाऊद म्हणाला. टाक्याचं पाणी? कालपासून थरथरतंय, असं धाकूनं मान खाली घालून सांगितलं.

रायाजीरावांचा चेहरा लालबुंद झाला. “तुळाजी, भरसदरेत आडवं बोलतोस? शिक्षा ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, सरकार. कड्यापर्यंत मी आपल्या पायांनी चालत जाईन. आधी बुरूज रिकामा करा.”

हवालदारांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बुरूज रिकामा करण्याचा हुकूम सोडला.

मग तिघांची अक्कल पहिल्यांदा एका जागी आली. शत्रू दारू कुठे रचेल ते दाऊदनं आखून दिलं, बेलदारांनी तिथवर खाली विवर खणलं, आणि ज्या टाक्यात धाकूनं कधी कुणाला पाय बुडवू दिला नव्हता, त्याचं पाणी विवरात सोडायला त्यानं स्वतःच्या हातानं काठ फोडायला घेतला. कमरेला दोर बांधून तुळाजी विवरात उतरला. शेवटचा दगड सरकला तशी समोर शत्रूची मशाल आणि दारूची पिंपं दिसली. एक भाला त्याच्या खांद्यात घुसला, तो हलला नाही, “सोड पाणी!” म्हणून ओरडला. टाकं धडाडत कोसळलं, दारूचा चिखल झाला, आणि तुळाजीला वर ओढलं तेव्हा त्याच्यात धुगधुगी तेवढी उरली होती.

महिन्याभरात शत्रूनं वेढा उठवला. सदरेवर रायाजीरावांनी सोन्याचं कडं मागवलं आणि रिवाज मोडल्याचा गुन्हा माफ केल्याचं जाहीर केलं.

खांदा बांधलेला तुळाजी पुढे आला. त्यानं कड्याला हात लावला नाही.

“सरकार, मोडल्याची माफी नको. पाळल्याची शिक्षा द्या. सिदूच्या बुरुजाखालची टकटक मी तीन दिवस ऐकली होती. वाटलं, आपलेच लोक चोरवाट खणताहेत, आपण कशाला विचारायचं? मी गप्प बसलो.” त्यानं धाकूकडे, मग दाऊदकडे बोट केलं. “एकतीस जणांना गनिमानं एकट्यानं नाही मारलं. हा कोळी, हा गोलंदाज, मी आणि तुम्ही, आपण सगळ्यांनी मिळून मारलं.”

हवालदारांनी कड्याचं तबक खाली ठेवलं.