पोटातला देश

तिलोआच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात सर्वांत आधी एक करवंटी येते. करवंटीत असते लोमी. लोमी म्हणजे फणसाच्या जातीच्या एका फळाचा चार दिवस आंबवलेला, जरासा फसफसणारा आंबटगोड रस. ती प्यायल्याशिवाय पासपोर्टवर शिक्का बसत नाही असा काही कायदा नाही, पण रीत आहे, आणि जर्मन, जपानी, ब्राझीलचे असे सगळे पर्यटक ती मुकाट्याने पाळतात.

मराठी माणसं पाळत नाहीत. चाळीस जणांचा गट येतो, करवंटीकडे संशयाने बघतो, हात जोडतो आणि म्हणतो, "नको नको, आत्ताच चहा झाला." फारच आग्रह झाला तर, "आज माझा उपास आहे." तिलोआच्या स्वागत खात्याने हे वाक्य नऊ वर्षांत इतक्या वेळा ऐकलं, की त्यांच्या अहवालात चक्क लिहिलेलं आहे: महाराष्ट्रातले लोक अत्यंत धार्मिक असून रोज उपास करतात. आता यांना कोण सांगणार, की हेच उपासवाले तासाभराने हॉटेलच्या मागच्या अंगणात ओवीकाकूंसमोर बसून तिसरं थालीपीठ मागत असतात!

ओवीकाकू शिर्के, वय एकसष्ट, मुक्काम देवरुख, जिल्हा रत्नागिरी. टूर कंपनीची आचारीण. एकविसाव्या शतकाची पंचाहत्तरी उलटली, लोक चंद्रावर हवापालटाला जाऊ लागले, पण कुठेही गेलं तरी रात्री वरणभात मिळालाच पाहिजे हा आपला हट्ट काही सुटला नाही. म्हणून कंपनीने काकूंना वर्षाचे आठ महिने तिलोआतच ठेवलं होतं. काकूंची शिस्त कडक. पाणी उकळलेलंच प्यायचं, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही, आणि दही घरच्या विरजणाचं. ते विरजण दर हंगामात देवरुखहून डबीत घालून येई.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी या स्वयंपाकघरात डॉक्टर सेलाना तोवे आल्या. तिलोआच्या लोकसंख्या खात्याच्या त्या प्रमुख, आणि मूळच्या जीवशास्त्रज्ञ. दोघींच्याही कानात दुभाषा यंत्र होतं, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती.

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की. पण आधी बसा. तुमचे गुडघे माझ्यासारखेच बोलतात वाटतं."

"तुमच्या लोकांना आमचा देश आवडत नाही का?"

"अगं बाई! हे कुणी सांगितलं? वेडे होतात वेडे. परवा एक बाई आपली खाडी बघून ढसाढसा रडल्या."

"मग ते परत का येत नाहीत?"

काकूंना प्रश्नच कळेना. "परत कशाला येतील? बघून झाला ना! आता पुढच्या वर्षी नॉर्वे."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि आकडे सांगितले. इतर देशांतले शंभर लोक आले तर पाच वर्षांत त्यातले अकरा पुन्हा येतात, आणि लाखात एखादा कायमचा राहतो. मराठी पर्यटक नऊ वर्षांत साडेनऊ हजार आले. परत आला एक. तेही कवळी विसरलेले आजोबा, विमानतळावरूनच मागे फिरलेले.

डॉक्टरांच्या काळजीला कारण होतं. तिलोआ हा देश तरी केवढा! बसने निघालं तर थर्मासातला चहा गार व्हायच्या आत दुसरं टोक येतं. एवढ्याशा बेटावर वर्षाला सहा लाख पर्यटक येत, आणि राहणारे मात्र दहा हजारही नव्हते. घर रिकामं झालं की त्याच्या पर्यटकांसाठी खोल्या होत, त्यामुळे नव्या जोडप्याला संसार मांडायला जागा मिळत नसे. कामं सगळी चादरी बदलण्याची आणि फोटो काढून देण्याची. तरुण पोरं कंटाळून पलीकडच्या मोठ्या देशात निघून जात. आणि त्या मोठ्या देशाशी झालेल्या जुन्या करारात एक कलम होतं: एकतीस डिसेंबरच्या मोजणीत तिलोआचे नागरिक दहा हजारांच्या खाली गेले, तर तिलोआ हा देश राहणार नाही. तो शेजाऱ्याचा एक सहलीचा जिल्हा होईल.

"आज किती आहात?" काकूंनी पीठ मळता मळता विचारलं.

"नऊ हजार नऊशे चौऱ्याण्णव."

"म्हणजे सहा कमी."

"पाच बायका नऊ महिने भरत आलेल्या आहेत. पाचही जणींच्या तारखा मला पाठ आहेत. उरला एक."

"आणि तोवर कुणी म्हातारं गेलं म्हणजे?"

"सगळ्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन विनंती केली आहे," डॉक्टर गंभीरपणे म्हणाल्या. "एकतीस तारखेपर्यंत थांबायला ते तयार आहेत."

काकू इतक्या हसल्या की परातीतलं पीठ उडालं. मग डॉक्टरांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांनी एक शोध लावला होता, अजून तो कुठे छापून आलेला नव्हता. माणसाच्या पोटात अब्जावधी जंतू असतात, त्यातले बहुतेक उपकारी. पोटापासून मेंदूकडे एक लांब नस जाते आणि हे जंतू तिच्यावरून सारखे निरोप धाडत असतात. त्यातल्या एका कुळाला डॉक्टरांनी नाव दिलं होतं ओढजंतू. ते जिथल्या मातीत आणि पाण्यात वाढले, तिथला वास आला, तिथलं पाणी मिळालं, की ते समाधानाचा निरोप पाठवतात. माणूस तिथून लांब गेला की तक्रार सुरू. ती तक्रार मेंदूला शब्दांत कळत नाही. नुसतं हुरहुरल्यासारखं होतं, गळ्याशी काहीतरी दाटतं.

"घरची आठवण!" काकू म्हणाल्या.

"तीच. जागेची ओढ. आमचे ओढजंतू लोमीत असतात. रीत फार जुनी आहे, ती कुणी मुद्दाम काढलेली नाही. पण जो लोमी पितो त्याच्या पोटात थोडासा तिलोआ जातो, आणि मग तो त्याला बोलावत राहतो. तुमचे लोक पीत नाहीत. वर तुमचं ते दही खातात. म्हणजे तिलोआत येऊनसुद्धा पोटाने ते घरीच असतात."

काकूंनी हात थांबवला. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कंपनीला सांगू नका हं. मी पिते. पहिल्या वर्षापासून पिते. चव घेतल्याशिवाय राहवेना हो, मग मी आचारीण कसली?"

आणि मग काकू बोलत सुटल्या. त्यांचा मुलगा निहार म्हणत होता, आई, आता पुरे झालं, पुढच्या रविवारी गट परत निघेल त्याच्याबरोबर कायमची ये. इकडे हॉटेलवाला म्हणत होता, काकू, इथेच राहा, घर देतो. "इथे असले की देवरुखचं परसू डोळ्यांसमोर येतं. तिथे गेले की ही खाडी. नऊ वर्षं हेच चाललंय. धड तिकडची नाही, धड इकडची नाही. रविवारी विमानात बसायचं की नाही, रात्रंदिवस तेच डोक्यात. जीव अगदी मेटाकुटीला आलाय बघा."

डॉक्टरांच्या मनात लख्खकन एक आकडा चमकला. पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी तपासणी करायचं सुचवलं. तपासायला काय द्यावं लागणार हे ऐकून काकू लाजून लाल झाल्या, "शी, बाई!" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी डबी देऊन आल्या. निकाल आला: देवरुखचे ओढजंतू आणि तिलोआचे ओढजंतू, जवळजवळ निम्मे निम्मे.

"म्हणजे माझं स्वतःचं असं मन नाहीच?" काकूंनी घाबरून विचारलं.

"आहे हो. पण दोन्हीकडचे एकदम ओरडताहेत, त्यात तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही. पाच दिवसांच्या गोळ्या देते. दोन्ही कुळं जातील. मग शांतपणे ठरवा. फक्त पोट फार दिवस रिकामं ठेवता येत नाही. शनिवारी दोन्हींतलं एक काहीतरी घ्यावं लागेल, आणि जे आधी जाईल तेच घर करील."

"यात तुमचा काय फायदा?"

"काहीच नाही. उलट गोळ्या न घेता राहिलात तर कदाचित इथेच राहाल. पण मला फसवून मिळवलेलं माणूस नको आहे."

काकूंना हे फार आवडलं. त्यांनी गोळ्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या तर गळ्याशी काहीच नव्हतं. देवरुख आठवून बघितलं. छान गाव. खाडी बघितली. छान खाडी. एवढंच! नऊ वर्षांचं ओझं कुणी काढून नेलं असं झालं. त्या दिवशी काकूंनी गाणी म्हणत म्हणत पुरणपोळ्या केल्या, मागून कटाची आमटी केली, आणि नाशिकच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी सात पोळ्या खाऊन जाहीर केलं की आयुष्यात असं जेवण झालं नव्हतं. निहारशी फोनवर बोलताना मात्र काकूंचे डोळे भरले. त्या धास्तावून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाल्या, "ते तसंच राहणार. माणसांच्या मायेशी या जंतूंचा संबंध नाही. ते फक्त जागेचं बघतात."

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन भांडी मांडली गेली. एका वाटीत देवरुखच्या विरजणाचं दही, एका करवंटीत लोमी. काकू खुर्चीवर बसल्या, समोर डॉक्टर.

"तिथे निहार आहे," काकू म्हणाल्या. "पण तो पुण्याला असतो. देवरुखला महिन्यातून एकदा येतो, तोही निम्मा वेळ फोनवर. इथे चार माणसं जीव लावतात. पण उद्या आजारी पडले तर? तिथे आंबे आहेत. इथे मासे स्वस्त आहेत." त्या बराच वेळ असं बोलत राहिल्या. प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या बाजूला तेवढीच गोष्ट निघे. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि तो मधेच थांबला.

"डॉक्टरीणबाई, हात कशाकडेच जाईना. हे हो कसं? तुम्ही म्हणालात माझा आवाज ऐकू येईल. मी ऐकतेय, पण आत कुणी बोलतच नाहीये."

हे डॉक्टरांनाही नवीन होतं. ओढ काढून टाकली की खाली माणसाची खरी इच्छा सापडेल, असं त्या धरून चालल्या होत्या. तिथे तर सपाट मैदान निघालं.

"तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या.

"मी नाही सांगू शकत."

"अहो, सांगा हो! दोन साड्या सारख्याच आवडल्या की बरोबर आलेल्या बाईला विचारतो ना, तसं समजा. मला खरंच काही वाटणार नाही."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात त्या पाच जणींपैकी एक, अवघडलेली, हॉटेलच्या चादरी दोरीवर टाकत होती. तिची तारीख अठ्ठावीस. तिच्या मुलाचा जन्म एका देशात होणार होता. वाढणार तो मात्र देशात की एका सहलीच्या जिल्ह्यात, ते या टेबलावर ठरत होतं. डॉक्टरांचा हात उठला आणि त्यांनी करवंटी काकूंच्या दिशेने सरकवली. फार नाही, चार बोटं.

"अस्सं! मग सुटले," म्हणून काकूंनी ती एका दमात रिकामी केली.

रविवारी गट गेला. काकू विमानतळावर सगळ्यांना लाडू देऊन आल्या. निहार आधी रुसला, मग मार्चमध्ये महिनाभर यायचं कबूल करून बसला. बुधवारी नागरिकत्वाचा अर्ज घेऊन डॉक्टर गेल्या, तेव्हा काकू खाडीच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. चेहरा उजळलेला, डोळे ओले.

"या या! काय सांगू तुम्हाला, कसं भरून येतंय. हे सगळं माझंच आहे हो. उगाच एवढी वर्षं घालवली." त्यांनी अर्जावर झोकात सही ठोकली.

डॉक्टरांना राहवलं नाही. "काकू, एक कबूल करायचं आहे. त्या दिवशी करवंटी मी पुढे सरकवली. मी नको होतं करायला. मी दही सरकवलं असतं, तर आज तुम्ही देवरुखच्या परसात बसून हेच म्हणाला असतात."

काकू खो खो हसल्या. त्यांनी डॉक्टरांच्या पाठीत प्रेमाने एक धपाटा घातला. "काहीतरीच तुमचं! चार बोटं भांडं सरकवून कुणी देश बदलतं का? अहो, तुम्ही दही पुढे केलं असतंत ना, तरी मी लोमीच उचलली असती. हे आतूनच असतं बाई. तुम्ही इथे जन्मलात, तुम्हाला नाही कळायचं."

डॉक्टर अर्ज घेऊन परत निघाल्या. आता ती पाच बाळं आली की दहा हजार भरणार होते, देश वाचणार होता, आणि त्यांना खरोखर आनंद झाला होता. चालता चालता त्यांच्या मनात आलं, की तिलोआत मूल सहा दिवसांचं झालं की त्याच्या जिभेवर लोमीचा थेंब ठेवतात. त्यांच्याही ठेवला होता. मग त्या टेबलावर ज्या हाताने करवंटी सरकवली, तो हात कुणी उचलला होता?

पर्समध्ये गोळ्यांची एक पट्टी शिल्लक होती. पाच दिवस. आपणच घेऊन बघाव्यात का, असा विचार त्यांच्या मनात आला मात्र, आतून ताबडतोब उत्तर आलं: मुळीच नको. ते इतकं ठाम होतं, की डॉक्टर भर रस्त्यात दचकून उभ्या राहिल्या.